येथे उभे राहू नये

फक्कीकाकांना कुणी विचारलं, तुमचं काम काय हो, तर ते सांगत, "उद्या येणाऱ्या गर्दीला आज जागा करून देतो." हेच त्यांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणे, "रेघोट्या मारतात." दोघंही खरंच बोलत.

पाण्याच्या काठाला, स्टेडियमच्या भिंतीला लागून एक भला मोठा फरसबंदी चौक होता. आज तिथे गाण्यांचा कार्यक्रम, उद्या पुस्तकांचं प्रदर्शन, परवा चालण्याची शर्यत. स्टेडियममध्ये फुटबॉलचा मोठा सामना असला की तिकीट न मिळालेल्यांसाठी तिथेच मोठा पडदा लागायचा. काहीही असो, आदल्या दिवशी सकाळी काका टेप, दोरी, काटकोन बघायचा गुण्या आणि पांढऱ्या फक्कीची बादली घेऊन हजर. मंच कुठे, खुर्च्या कुठे, स्टॉल कुठे, लोकांनी यायचं कुठून आणि जायचं कुठून, सगळं ते जमिनीवर फक्कीने आखून ठेवत. मांडववाले त्यांना वचकून असत. एकाने एकदा खांब चार बोटं अलीकडे उभा केला, तर काकांनी तो त्याच्याकडून काढवून पुन्हा उभा करवला होता. वर त्याला ऐकवलं होतं, "चार बोटांनी काय होतं, हे ज्याचं बोट दारात सापडलंय त्याला विचार."

तर अशा या काटेकोर माणसाने चौकाच्या नकाशावर गेली अकरा वर्षं एक धडधडीत खोटी गोष्ट लिहून ठेवली होती.

काठावर बोटी बांधायचा एक जुना लोखंडी खुंटा शोभेसाठी तसाच ठेवला होता. त्याच्यापासून सतरा पावलांवर, साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद, अशी एक चौकट काका प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी आखत. नकाशावर तिच्यापुढे लिहिलेलं असे : फरशीखाली झाकण, जागा मोकळी ठेवणे. आणि चौकटीच्या कडेला ते एक लाकडी पाटी उभी करत : येथे उभे राहू नये. लोक बिचारे ऐकत. फरशीखाली काय आहे हे बघायला कोण वाकतंय? आणि फक्कीकाकांनी लिहिलंय म्हटल्यावर शंका घ्यायची कुणाची छाती?

खाली झाकणबिकण काही नव्हतं. तिथे काकांच्या घराचा उंबरा होता.

म्हणजे एके काळी होता. चौक व्हायच्या आधी त्या जागी बोटी दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या बैठ्या खोल्या होत्या, एकीला एक चिकटून अशा बावीस. वडील बोटींना रंग द्यायचे. मग परांचीवरून पडले, पाठीला मार लागला, आणि अंथरूण धरलं ते कायमचं. घरात काका, काकांची बायको आणि काकांहून नऊ वर्षांनी लहान असलेला भाऊ. स्टेडियम इतकं जवळ की गोल झाला की फळीवरची भांडी वाजायची. वडिलांना फुटबॉलचं वेड, पण जागेवरून उठता येईना. मग धाकटा जायचा सामन्याला आणि परत येऊन अख्खा सामना त्या दहा बाय बाराच्या खोलीत खेळून दाखवायचा. उशी म्हणजे चेंडू, खाटेचे पाय म्हणजे गोलपोस्ट, आणि रेफ्रीचं काम वहिनीकडे, कारण शिट्टी तिला चांगली वाजवता यायची. तो दारात दिसला रे दिसला की वडील खाटेवरून ओरडायचे, "बूट नंतर काढ. आधी सांग, किती झाले?"

काका तेव्हा स्टेडियममध्ये मैदान आखायला होते. खेळात त्यांना काडीचा रस नव्हता. रेघा सरळ आल्या की त्यांचा सामना संपला. ते औषधांच्या वेळा सांभाळायचे, डॉक्टरांच्या पाठीमागे लागायचे, आणि घरात हसणं-खिदळणं जरा जास्त झालं की कपाळाला आठ्या घालायचे. कर्त्या माणसाला एवढा हक्क असतो, असं त्यांना वाटे.

एकोणीस वर्षांपूर्वी आपला संघ अंतिम सामन्यात पोचला होता. त्या दिवशी सकाळपासून वडिलांना श्वास पुरेना. काकांनी धाकट्याला बजावलं, "आज कुठे जायचं नाही," आणि स्वतः डॉक्टरांना आणायला गेले. परत आले तर धाकट्याचा पत्ता नाही. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. पलीकडे सामना रंगला होता. भांडी दोनदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. चौथ्यांदा वाजली तेव्हा वडील नव्हते.

अर्ध्या तासाने धाकटा धावत आला. घामाघूम, तोंडभर हसू. एक पाय उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "बाबा, चार!" मग त्याने आत बघितलं.

काका म्हणाले, "जिथे होतास तिथेच जा. या उंबऱ्यावर परत पाय ठेवायचा नाही."

धाकट्याने ठेवलेला पाय मागे घेतला. वडिलांना पोचवायला आला तो सगळ्यांच्या मागे, लांब उभा राहिला, आणि तिथूनच निघून गेला. तिसऱ्या दिवशी काकांची बायको म्हणाली, "बाबांनीच पाठवलं त्याला. तो नाही म्हणत होता. बाबा म्हणाले, जा रे, शेवटचा सामना तरी ऐकू दे मला. तुम्ही कुणाला बोलू दिलंत का?"

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला जी टोचणी लागली ती लागली.

त्यांनी जमेल तिथे शोधलं. कुणी म्हणे मालवाहू बोटीवर लागला, कुणी म्हणे लांबच्या गावात गॅरेज टाकलं. दोन वेळा काका सांगोवांगी पत्त्यांवर जाऊन आले, आणि दोन्ही वेळा भलताच माणूस दार उघडून समोर उभा राहिला. सहा वर्षांनी खोल्या पाडायची नोटीस आली. पाडापाडीच्या दिवशी लोक दारं काढून नेत होते, खिडक्या नेत होते, कौलं नेत होते. काका टेप घेऊन उंबऱ्यापासून खुंट्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून स्टेडियमच्या तिसऱ्या दरवाजाच्या खांबापर्यंत माप घेत बसले. "बघा," बायको शेजारणीला म्हणाली, "सगळे घर नेतायत आणि हे मापं नेतायत." पण ही दोन मापं जिथे मिळतात ती जागा कुणाच्या बापाला हलवता येत नाही, हे काकांना ठाऊक होतं. चौक बांधून झाला तेव्हा त्यांनी मैदानाची नोकरी सोडली आणि चौकात आखणीची घेतली. स्टेडियमच्या आत त्यांनी वडील गेल्यापासून नाइलाजापुरतंच पाऊल टाकलं होतं. आता तेही बंद झालं.

त्यांचं गणित साधं होतं. धाकट्याला एकच पत्ता माहीत. खोलीच्या बदल्यात मिळालेला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याला ठाऊक असायचं कारण नाही. फुटबॉलशिवाय तो राहणार नाही, म्हणजे कधी ना कधी सामन्याला येणार. आला की जुनं दार कुठे होतं ते शोधणार, पावलं मोजणार, आणि बरोबर त्या जागी येऊन उभा राहणार. त्या वेळी तिथे आइस्क्रीमवाला बसलेला असून कसं चालेल? म्हणून ती चौकट, आणि म्हणून सामन्याच्या दिवशी काका चौकटीकडे डोळे लावून उभे. अकरा वर्षांत त्या चौकटीत एक हरवलेलं कुत्रं, दोन भांडणारे प्रेमिक आणि एक पाटी न वाचता येणारा परदेशी पाहुणा एवढेच येऊन गेले होते. काकांनी सगळ्यांनाच हाकललं होतं.

यंदा एकोणीस वर्षांनी आपला संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला. बायको म्हणाली, "येणार असेल तर आता येईल." काकांनाही तेच वाटत होतं, पण वाटतं ते बोलून दाखवलं तर घडत नाही अशी त्यांची समजूत, म्हणून ते नुसतं "हूं" म्हणाले.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडमनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मॅडम नव्या होत्या, येऊन चार महिने झाले होते, वयाने काकांना मुलगी शोभाव्यात अशा. टेबलावर दोन नकाशे होते. एक काकांचा, दुसरा फरशीखालच्या नळांचा आणि गटारांचा.

"काका, इथे झाकण नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"असेल. जुनं आहे."

"जुनं नाही, नवं नाही, काहीच नाही. मी दोनदा तपासलं."

काकांनी खिडकीबाहेर पाण्याकडे बघितलं. सवय नसलेल्या माणसाचं खोटं एकदाच चालतं, दुसऱ्यांदा त्याची जीभ लुळी पडते. "उंबरा आहे," ते म्हणाले. मग थांबत थांबत, जमेल तसं, सगळं सांगितलं. बायकोशीसुद्धा ते इतकं सलग कधी बोलले नव्हते.

ऐकून झाल्यावर मॅडमनी पेन्सिल नकाशावर टेकवली. "काका, उद्या आत चाळीस हजार माणसं असणार आणि बाहेर पडद्यापुढे वीस हजार. अग्निशमनवाल्यांनी त्यांचा रस्ता बदलून मागितलाय. त्यामुळे प्रथमोपचाराचा तंबू सरकवावा लागतोय, आणि तो सरकून येतो तो नेमका तुमच्या चौकटीवर. मी बाकी सगळीकडे बसवून पाहिला. दुसरा कुठला स्टॉल असता तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं."

काकांनी नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. दहा मिनिटं त्यांनी बोटाने, पट्टीने, मनाने तो तंबू इकडे तिकडे सरकवून पाहिला. कुठेच बसेना. कुणाला चक्कर आली, कुणाच्या छातीत कळ आली, तर माणूस कुठे न्यायचा? डॉक्टर वेळेवर पोचला नाही म्हणजे काय होतं हे त्यांना मॅडमपेक्षा जास्त माहीत होतं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मी आखतो."

"दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"दुसऱ्याची रेघ तिरपी येते."

आणि मग त्यांनी खुंट्यापासून दोरी धरली, गुण्या लावला आणि आपल्या हाताने आपल्या उंबऱ्यावर बारा बाय पंधराचा तंबू आखला. एके ठिकाणी रेघेला पोक आलं, ते त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच तसंच राहू दिलं. पाटी उचलून कोठारात नेऊन भिंतीला टेकवून ठेवली.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "उंबरा गेला म्हणजे भाऊ गेला, असं कुठे असतं का? जेवून घ्या." पण तिचाही घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच चौक फुलला. झेंडे, गळपट्टे, रंगवलेले गाल, खांद्यावर बसलेली पोरं. तंबूत दोन नर्सबाई आणि एक डॉक्टर येऊन बसले, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच उन्हाने घेरी आलेल्या एका आजोबांना तिथे निजवलंसुद्धा. उंबऱ्याच्या जागी बरोबर खाट होती. काका लांबून बघत राहिले. तंबू योग्य जागी होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आपण कुठे उभं राहावं हे त्यांना कळेना. इतकी वर्षं एक जागा राखायची होती. ती गेल्यावर हातापायांचं काय करायचं असतं?

चार वाजता सामना सुरू झाला. पाचच्या सुमाराला चौकशीच्या खिडकीवरची मुलगी त्यांना शोधत आली. तिला मॅडमनी काही सांगितलेलं नव्हतं. ती आपली गंमत सांगायला आली होती.

"काका, मघाशी एक गृहस्थ भांडायला आले होते. तुमच्या झाकणावरून."

"काय म्हणत होते?"

"म्हणे, खुंट्यापुढे मोकळी जागा असायची, पाटी असायची, ती कुठे गेली? मी म्हटलं, झाकण होतं, नव्या नकाशात नाही. तर म्हणतात, झाकण कसलं, दार आहे ते. मी म्हटलं, अहो, दार भिंतीत असतं." मुलगी हसली, पण काकांचा चेहरा बघून तिचं हसू आवरलं. "मग विचारलं, तो फक्कीवाला आहे ना? म्हणजे, जिवंत आहे ना? मी म्हटलं, चांगले ठणठणीत आहेत, त्या तंबूच्या रेघा कालच त्यांनी मारल्या. तर म्हणाले, त्याने स्वतः? दोनदा विचारलं, स्वतः? मी म्हटलं, हो, स्वतः."

"मग?"

"मग म्हणाले, सात-आठ वर्षं येतोय. सामन्याच्या आधी खुंट्यापाशी उभं राहायचं, लांबून पाटी वाचायची आणि आत जायचं. पाटी माझ्यासाठीच होती, म्हणाले. उभं राहू नये म्हणून. पण निदान मी लक्षात तरी होतो. आता तीही काढली म्हणजे संपलं, आता यायचं काही कारण नाही. असं म्हणून तिसऱ्या दरवाजाने आत गेले. काका? काका, बसता का जरा?"

काका बसले नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता, आणि दोन्हींपैकी कशालाच वेळ नव्हता. ज्याच्यासाठी जागा राखली त्यालाच त्यांनी अकरा वर्षं मोठ्या अक्षरांत सांगितलं होतं, इथे उभा राहू नकोस. तो सतरा पावलांवर येऊन ते वाचत होता. आणि हे शहाणे रिकाम्या चौकटीत बघत होते! एकदा मान वर करून खुंट्याकडे बघितलं असतं तर? टोप्या-गळपट्ट्यांच्या गर्दीत ओळखू आला नसता, कबूल, पण बघितलं तर असतं.

आत जाऊन शोधावा तर चाळीस हजार माणसं. भोंग्यावरून पुकारावा, तर नाव ऐकून तो दुसऱ्या दरवाजाने निघून जाईल. वडिलांच्या अंगातलं सगळं वेड त्याच्याकडे गेलं असलं तरी आडमुठेपणा दोघा भावांना सारखाच वाटून मिळाला होता. तिकीट तिसऱ्या दरवाजाचं, म्हणजे बाहेर येणार तो तिसऱ्या दरवाजाने. एवढं एकच काकांच्या हातात होतं.

ते कोठारात गेले. पाटीकडे बघितलंही नाही. फक्कीच्या दोन बादल्या, दोरी, टेप आणि गुण्या उचलून तिसऱ्या दरवाजासमोरच्या मोकळ्या फरशीवर आले आणि गुडघे टेकून आखायला लागले.

आधी उंबरा, साडेतीन बाय दोन, दरवाजाकडे तोंड करून. मग दोन्ही बाजूंना भिंती. दहा फूट, बारा फूट, काटकोनात. पाण्याच्या बाजूला खिडकी. डावीकडे ओटा, त्याच्यावर भांड्यांची फळी. कोपऱ्यात पाण्याचा पिंप, गोल. उजवीकडे भिंतीला लागून वडिलांची खाट, चार पायांसकट, त्यातले दोन पाय गोलपोस्टचे म्हणून जरा ठळक. खाटेवर उशी. तेरा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली खोली मापासकट त्यांच्या हातात होती. टेपकडे एकदाही बघावं लागलं नाही.

"ओ काका, हे काय चाललंय?" बंदोबस्तावरचा साहेब शिट्टी फुंकत आला. "पंधरा मिनिटांत दरवाजे उघडतील. इथून लोंढा येणार आहे. पुसा ते."

काका मान वर न करता कपडे टांगायची खुंटी आखत राहिले. तेवढ्यात मागून मॅडम आल्या. खिडकीवरच्या मुलीने त्यांना गाठलेलं दिसत होतं, कारण त्या धापा टाकत होत्या. त्यांनी एकदा त्या पांढऱ्या खोलीकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"तिथे फरशीखाली झाकण आहे," त्या साहेबाला म्हणाल्या. "वजन पडता कामा नये. दोन्ही बाजूंना कठडे लावा, लोकांना वळसा घालून जाऊ दे."

"झाकण? एवढं मोठं?"

"खूप जुनं आहे," मॅडम म्हणाल्या.

आत एकच गलका उठला. शिट्टी झाली. कोण जिंकलं, कोण हरलं, काकांना काही कळलं नाही. दरवाजे उघडले आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. कठड्यांना वळसा घालून दोन्हीकडून वाहू लागला. तरी शेकडो लोक कठड्याखालून घुसले, खोलीतून आरपार गेले. ओट्यावरून बूट गेले, पिंप पुसला गेला, कुणाच्या तरी पोराने खाटेवरून उडी मारली. काका खाटेच्या उशाशी उभे होते. अकरा वर्षं त्यांनी चौकटीच्या आत बघितलं होतं, आज ते चौकटीच्या बाहेर बघत होते. समोरून येणारा प्रत्येक चेहरा. पन्नाशीचा कुणी दिसला की ते एक पाऊल पुढे टाकायचे, आणि तो माणूस मोबाइलवर बोलत निघून जायचा.

अर्धा तास गेला. लोंढ्याचा ओढा झाला, ओढ्याची धार झाली. ऊन पाण्यावर उतरलं. झाडणारी माणसं लांबच्या टोकाला लागली. कठडेवाल्याने विचारलं, "काढू का?" मॅडम म्हणाल्या, "थांबा जरा." काकांच्या मनात आलं, तो गेला असेल. गर्दीत मान खाली घालून, आपल्या डाव्या बाजूने, कधीच गेला असेल. आपण परत एकदा भलतीकडे बघत बसलो. ते इतके थकले होते की त्यांना वडिलांच्या खाटेवर बसावंसं वाटलं, आणि ती नुसती रेघ आहे हे आठवून त्यांनी स्वतःला सावरलं.

तिसऱ्या दरवाजातून अगदी शेवटी एक माणूस आला. ज्याला घाई नाही आणि ज्याला परत इथे यायचं नाही, असा माणूस येतो तसा, रेंगाळत. केस पांढरे, गळपट्टा हातात गुंडाळलेला. खाली बघत चालला होता. पांढरी रेघ दिसली म्हणून थांबला.

त्याने आधी उंबरा बघितला. मग ओटा, मग फळी. अर्धी पुसलेली खाट बघितली, तिचे ठळक आखलेले दोन पाय बघितले. खाटेच्या उशाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या फक्कीने माखलेल्या चपला बघितल्या, पण चपलांच्या वर मान काही त्याने उचलली नाही. त्याच्या बुटांची टोकं रेघेपासून बोटभर अलीकडे होती. तो तसाच उभा राहिला.

काकांना बोलायचं होतं. एकोणीस वर्षं काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. बाबांनी तुला पाठवलं होतं हे मला नंतर कळलं. मी चुकलो. ती पाटी तुझ्यासाठी नव्हती, तुझ्यासाठीच होती, पण तशी नव्हती.

धाकटा खाली वाकला. एक गुडघा टेकून, घरी आल्यावर काढतात तशी, बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ सुटत नव्हती.

"बूट नंतर काढ," काका म्हणाले. "आधी सांग, किती झाले?"

धाकटा बुटांसकट आत आला.